तारुण्यातील वेगाचा जमाखर्च

पन्नाशी ओलांडलेली चार माणसे एकत्र बसली असावीत आणि त्यांतल्या एकाच्या मुलाने नुकतीच मोटारसायकल घेतलेली असावी, की एक वाक्य हटकून ऐकू येते. "अरे, आम्ही काय कमी गाड्या पळवल्या? आम्हांला काय झाले?" घाटकोपरच्या चाळीत, मुलुंडच्या सोसायटीत, अंधेरीच्या युनियन कचेरीत आणि बोरिवलीच्या लग्नमांडवात आम्ही हे वाक्य ऐकत आलो आहोत. बोलणारा मनुष्य वाईट नसतो. पोराला धीर द्यावा आणि जाता जाता आपलीही पाठ थोपटून घ्यावी, एवढाच त्याचा हेतू असतो. परंतु हे वाक्य दिसते तितके निरुपद्रवी नाही. ते पुराव्याचा आव आणते आणि पुरावा तर त्यात मुळीच नसतो. या वाक्याची तपासणी करावी, एवढ्यासाठीच आम्ही हा विषय घेतला आहे.

कॉलेजचे शिक्षण आम्हांला लाभले नाही. जे काही शिकलो ते गेटसभांत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा येथे विद्वत्ता दाखवण्याचा प्रश्नच नाही. पगारपत्रक हातात आल्यावर कामगार जसा जमा किती आणि कपात किती हे बोट ठेवून पाहतो, तसेच तारुण्यातील त्या वेगाकडे पाहायचे आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. १९८० च्या आसपास उपनगरातील कामगाराच्या घरात वाहन म्हणजे सायकल. स्कूटर हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मोटारसायकली होत्या त्या बुलेट, राजदूत, येझदी. दणकट, पण अंगाने जड. मग जपानी कंपन्यांशी सहकार्याचे करार झाले आणि १९८४-८५ च्या सुमारास शंभर सीसीच्या हलक्या गाड्या बाजारात आल्या. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि त्याच वर्षी यामाहाची आरएक्स १०० आली. या दुसऱ्या गाडीने आमच्या पिढीला वेड लावले. ९८ सीसीचे इंजिन, अकरा अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. १९९६ साली तिचे उत्पादन थांबले, तरी तिचे नाव काढले की साठीकडे झुकलेल्या माणसाचाही उजवा हात नकळत रेस पिळल्यासारखा फिरतो.

ही गाडी इतकी का पळे, हे समजून घेण्यासारखे आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल पेटते. टू-स्ट्रोक इंजिनात ते प्रत्येक फेरीला पेटते. त्यामुळे लहानशा इंजिनातूनही एकदम ताकद मिळते आणि हलके वाहन बाणासारखे सुटते. परंतु याची दुसरी बाजूही आहे. फोर-स्ट्रोक गाडीची रेस सोडली की इंजिनच तिला बऱ्यापैकी मागे ओढते. टू-स्ट्रोक गाडीत ही ओढ फार कमी असते. त्यातून ब्रेक दोन्ही चाकांना जुन्या पद्धतीचे, ड्रमचे. पावसात ड्रममध्ये पाणी शिरले की ते काही काळ पकडतच नसत. म्हणजे पळण्याची शक्ती नव्या जमान्याची आणि थांबण्याची शक्ती जुन्या जमान्याची, असा तो संसार होता.

आता ही गाडी उपनगरातल्या पोरांच्याच हाती इतकी का बसली? नकाशा पाहिला की उत्तर मिळते. मुंबईची आगगाडी उत्तर-दक्षिण धावते. पश्चिमेला बोरिवली-अंधेरीची एक रेषा आणि पूर्वेला मुलुंड-घाटकोपरची दुसरी. गिरणगावातल्या गिरण्या या रेषांच्या कडेला होत्या. उपनगरातले नवे कारखाने मात्र रेषांच्या मध्येही पसरले. अंधेरीची एमआयडीसी, १९७३ साली सुरू झालेले सीप्झ, साकीनाका, पवई. घाटकोपरला राहणाऱ्या मनुष्याने अंधेरीच्या कामावर आगगाडीने जायचे म्हटले, तर आधी दक्षिणेला दादर गाठायचे, तेथे गाडी बदलायची आणि पुन्हा उत्तरेला यायचे. नाहीतर साकीनाक्याच्या कोंडीत बसमध्ये उभे राहायचे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो धावू लागली ती ८ जून २०१४ रोजी. तोवर पूर्व आणि पश्चिम यांच्यामधली ही खाच मोटारसायकलने भरून काढली.

त्यात पाळ्या. सातची पहिली, तीनची दुसरी, अकराची तिसरी. कित्येक कारखान्यांत काही मिनिटे उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाई. दुसरी पाळी सुटून कपडे बदलून बाहेर पडेपर्यंत साडेअकरा होत. दिवसा मुंगीच्या पावलाने सरकणारा लाल बहादूर शास्त्री मार्ग त्या वेळी मोकळा असे आणि द्रुतगती महामार्ग तर त्याहून मोकळा. सकाळी भोंग्याची घाई आणि रात्री रिकाम्या रस्त्याचे आमंत्रण, अशा दोन बाजूंनी वेग वाढत गेला.

आणि नाका होताच. पुंगळी काढलेला सायलेन्सर, ट्रिपल सीट, बसला मारलेला कट, आरेच्या वळणावर जमिनीला टेकू पाहणारा गुडघा, ही सारी नाक्यावरची नाणी. ती तेथेच खपत आणि तेथेच त्यांची किंमत ठरे. एकटा मनुष्य जे धाडस करणार नाही ते चार मित्र पाहत असले की का करतो, याचा अमेरिकेतील गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली अभ्यास प्रसिद्ध केला. मोटार चालवण्याच्या एका खेळात किशोरवयीन मुलांनी मित्रांच्या देखत एकट्यापेक्षा सुमारे दुप्पट धोके पत्करले. प्रौढ माणसांच्या वागण्यात मात्र प्रेक्षकांमुळे फरक पडला नाही. नाक्यावर वाढलेल्या माणसाला हे ऐकून नवल वाटणार नाही.

त्या वेगात सुख होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे, झोपायला गॅलरी, कारखान्यात सुपरवायझर, लोकलमध्ये दुसऱ्याच्या खांद्यावर हनुवटी. अशा आयुष्यात ज्याला स्वतःची म्हणावी अशी जागा मोटारसायकलची सीट हीच होती, तो मुलगा टाकीवर ओणवा होऊन वारा अंगावर घेतो तेव्हा तो केवळ मस्ती करत नसतो. अर्धा तास का होईना, त्याला कोणी 'इकडे ये' म्हणत नसते आणि कोणी 'तिकडे जा' म्हणत नसते. जमेच्या बाजूला ही रक्कम आम्ही पूर्ण मांडतो.

आता खर्चाची बाजू. वेगाचा एक नियम आहे आणि तो शाळेत शिकवलेला असूनही रस्त्यावर कोणाच्या लक्षात राहत नाही. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. वेग तिप्पट झाला की ती नऊपट होते. मुंबईच्या माणसाला हे मजल्यांच्या भाषेत चांगले समजेल. ताशी ३० किलोमीटर वेगाने उभ्या ट्रकवर आदळणे म्हणजे सुमारे साडेतीन मीटरांवरून, अर्थात पहिल्या मजल्यावरून, खाली पडणे. ताशी ६० म्हणजे १४ मीटर, पाचव्या मजल्याच्या जवळपास. ताशी ९० म्हणजे ३२ मीटर. हा झाला दहाव्या मजल्याच्याही वर. दहाव्या मजल्याच्या कठड्यावर उभे राहून मित्रांना हात करणाऱ्या मुलाला आपण ओरडून खाली ओढू. तोच मुलगा महामार्गावर ९० ने जातो तेव्हा आपण 'पोरगा गाडी छान मारतो' असे म्हणतो.

थांबण्याचा हिशेबही असाच आहे. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर जोर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक धरला तर ताशी ३० वेगाची गाडी एकूण १३ मीटरांत थांबते, ६० ची ३७ मीटरांत आणि ९० ची ७० मीटरांत. लोकलचा एक डबा सुमारे वीस मीटर लांब असतो. म्हणजे ६० ने जाणाऱ्याला जवळजवळ दोन डब्यांइतकी मोकळी जागा पाहिजे आणि ९० ने जाणाऱ्याला साडेतीन डब्यांइतकी. पहिल्या पावसाची सर पडून तेल आणि धूळ यांचा लेप रस्त्यावर तयार झाला आणि रस्त्याची पकड निम्म्यावर आली, की ६० वाल्यालाही सुमारे तीन डबे लागतात. भांडुप किंवा साकीनाका येथे तीन डब्यांइतका मोकळा रस्ता दिवसा कोणी पाहिला असेल, तर त्याने आम्हांस अवश्य दाखवावा.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याने गाडी पळवली आणि ज्याला काही झाले नाही, त्याला त्याच्या हातातील कौशल्याने वाचवले असे म्हणता येत नाही. त्या क्षणी, त्या ठिकाणी, रस्त्यात कोणी आडवे आले नाही, एवढेच त्याचे कारण असते. ब्रेकला जे अंतर हवे असते ते कौशल्याने नाहीसे होत नाही.

आता मूळ वाक्याकडे येऊ. समजा, बेफाम चालवण्यात दहा हजार खेपांत एकदाच गंभीर अपघात होतो. हा आकडा आम्ही केवळ उदाहरणासाठी धरला आहे, आणि तो इतका लहान आहे की कोणीही म्हणेल, एवढ्याने काय होते? दिवसाला जाऊन-येऊन दोन खेपा, वर्षाचे तीनशे दिवस आणि अशी पाच वर्षे. म्हणजे तीन हजार खेपा. शंभर तरुणांनी अशा तीन हजार खेपा केल्या, तर गणिताप्रमाणे सुमारे ७४ जण सहीसलामत सुटतात आणि २६ जणांना अपघात गाठतो. तीस वर्षांनंतर लग्नाच्या मांडवात त्या ७४ जणांची मैफल जमते. प्रत्येकजण छातीवर हात ठेवून खरेच सांगतो, "आम्हांला काय झाले?" त्यांच्यापैकी एकही खोटे बोलत नाही. आणि तरीही त्या सर्वांची साक्ष मिळून निष्कर्ष खोटा निघतो. कारण २६ जणांची साक्ष झालेलीच नसते. त्यांच्यातले काही भिंतीवर, चंदनाच्या हारात असतात आणि काही घरात खाटेवर असतात. मैफलीला येतात ते ७४.

या अनुपस्थितांची गाठ युनियनच्या कार्यकर्त्याला पडते, कारण कागद घेऊन त्यांच्या घरी जावे लागते. कामावर जाताना रस्त्यात मृत्यू आला तर काय मिळे? भविष्यनिर्वाह निधी, सहकाऱ्यांनी दिलेला एका दिवसाचा पगार आणि फार तर मुलाला नोकरीचे तोंडी आश्वासन. १९२३ च्या भरपाई कायद्यात आणि १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात भरपाईची अट एकच होती: अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झालेला असावा. रस्ता हा कामाचा ओघ मानायचा की नाही, यावर वर्षानुवर्षे खटले चालले. एक कामगार १९७१ साली सायकलवरून कारखान्यात निघाला असता, कारखाना एक किलोमीटरवर राहिला असताना लॉरीने त्याला धडक दिली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हा अपघात कामाच्या ओघातला नव्हे. २०१० साली विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघात, त्याचा कामाशी संबंध दिसत असल्यास, कामाच्या ओघातला मानला जाऊ लागला. भरपाई कायद्याच्या बाबतीत हेच तत्त्व मान्य व्हायला २०२५ चा जुलै उजाडावा लागला. तो खटला आपल्याच महाराष्ट्रातला, धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याच्या एका रखवालदाराचा. २००३ साली पहाटे तीनच्या पाळीसाठी तो मोटारसायकलने निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. त्याच्या घरच्यांना न्यायासाठी बावीस वर्षे थांबावे लागले.

या खटल्यांतून जो अर्थ निघतो तो आमच्या विषयाच्या मुळाशी जातो. भोंगा कोणाचा? कारखान्याचा. उशिराची कपात कोण करी? कारखाना. आणि भोंगा गाठण्याच्या घाईत हाडे मोडली, तर ती मात्र कामगाराची स्वतःची. घाई एकाची आणि जोखीम दुसऱ्याची, अशी ही विभागणी होती.

डोक्याच्या संरक्षणाविषयी दोन शब्द सांगणे येथे अवश्य आहे. १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडात टी. ई. लॉरेन्स हा प्रसिद्ध सेनानी-लेखक मोटारसायकलवरून जात असता, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना पडला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने मरण पावला. त्याच्या उपचारांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ साली शिरस्त्राणाचे महत्त्व मांडले. ते काम कसे करते? बाहेरचे कठीण कवच आघात पसरवते आणि आतला थर्माकोलसारखा थर स्वतः दाबला जाऊन मेंदूला थांबायला क्षणाचा काही अंश अधिक मिळवून देतो. तेवढ्याने जीव वाचतो. अनेक देशांतील अभ्यास एकत्र पाहून २००८ साली काढलेला निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका शेकडा ४२ ने आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका शेकडा ६९ ने कमी होतो. आपल्या सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७ होती, आणि ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. म्हणजे दिवसाला सुमारे १३७. आरशाला लटकवलेले हेल्मेट आरशाचे रक्षण करते, आणि पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोहोचते, हे प्रत्येक बापाने मुलाला सांगावे. भारतीय मानक ४१५१ चा शिक्का पाहूनच ते घ्यावे. असा शिक्का नसलेल्या हेल्मेटची विक्री १ जून २०२१ पासून बेकायदा आहे.

आता आजच्या रस्त्याकडे पाहू. नाक्यावरची शर्यत पुरती संपलेली नाही. परंतु आज जो मुलगा पाठीवर चौकोनी पेटी घेऊन सिग्नल तोडताना दिसतो, त्याच्याकडे पाहून 'तरुण रक्त आहे' असे म्हणून भागणार नाही. २०२१ पासून मुंबईत दहा मिनिटांत किराणा घरपोच देण्याच्या जाहिराती झळकू लागल्या. नीती आयोगाने २०२०-२१ साली अशा खेपेवारी काम करणाऱ्यांची संख्या देशात ७७ लाख धरली होती. या मुलाला भोंगा नाही. त्याच्या खिशातला फोनच भोंगा आहे आणि तो दिवसातून वीस-पंचवीस वेळा वाजतो. खेपेला पैसे, म्हणून जितक्या खेपा तितकी कमाई. आमच्या वेळचा तरुण सकाळी एकदा भोंग्याशी शर्यत लावी. हा दिवसभर लावतो. आमच्या वेळी लग्न झाले, मूल झाले की वेग आपोआप उतरे. याचे उलट आहे. मूल झाले की खर्च वाढतो आणि खर्च वाढला की त्याचा वेग वाढतो.

अमेरिकेत हे आधीच घडून गेले आहे. डॉमिनोज कंपनीने अर्ध्या तासात पिझ्झा पोहोचवण्याची हमी दिली होती. तिच्या चालकाने सिग्नल तोडून एका बाईंना जखमी केले आणि १९९३ साली सेंट लुइस येथील ज्यूरीने कंपनीला कोट्यवधी डॉलरांची भरपाई भरायला सांगितली. त्यानंतर कंपनीने ती हमी अमेरिकेत काढून घेतली. घाईची किंमत घाई विकणाऱ्याला भरावी लागली, तेव्हा घाई थांबली. चालकांना उपदेश करून ती थांबली नव्हती.

आपल्याकडे २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने अशा कामगाराला प्रथमच कायद्यात नाव दिले आणि कंपन्यांनी उलाढालीचा काही हिस्सा त्यांच्या निधीत भरावा अशी तरतूद केली. ही सुरुवात चांगली आहे. तथापि निधीचा लाभार्थी होणे आणि कामगार म्हणून हक्क मिळणे यांत अंतर आहे, आणि ते कापणे हे संघटनेचे काम आहे. आमच्या मते मागण्या साध्या आहेत. खेपेला मिनिटांची अट नको. पावसात आणि रात्रीच्या खेपेला दर वाढवताना वेगाचे बक्षीस नको. मानक हेल्मेट कंपनीने द्यावे. आणि फोनवर खेप स्वीकारल्यापासून घरी परतेपर्यंतचा अपघात कामाच्या ओघातला समजावा.

शेवटी त्या चार माणसांना एवढेच सांगायचे आहे. आपल्या तारुण्याच्या गोष्टी मुलांना जरूर सांगाव्यात. त्यांत गोडी आहे आणि ती आपल्या कष्टांतून आलेली आहे. परंतु "आम्हांला काय झाले?" येथे गोष्ट थांबवू नये. आपल्याबरोबर नाक्यावर उभे राहणाऱ्यांपैकी आज कोण कोण नाही, त्यांची नावे मुलांपुढे घ्यावीत. मग मुलाला विचारावे, "तुला घाई आहे ती तुझी, की दुसऱ्या कोणाची?" मित्रांना दाखवण्याची असेल, तर त्याच्याशी घरी बसून बोलता येईल. फोनवरच्या घड्याळाची असेल, तर त्याला युनियनच्या कचेरीचा पत्ता द्यावा. ती संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी असते.